पंपावरचा कर आणि गावाचा रस्ता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

इंधनाचे दर आणि रस्त्यांची अवस्था यांविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. रस्ते बांधण्याच्या आणि त्याहून अधिक काळ ते दुरुस्त करण्याच्या सरकारी कामात माझी तीस वर्षे गेली, म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. करांचे जे दर पुढे दिले आहेत, ते एप्रिल २०२५ मधील वाढीनंतरचे, त्या वेळचे आहेत.

प्रश्न : मी शिक्षिका असून पूर्णा तालुक्यातील शाळेत रोज दुचाकीने जाते-येते. नाशिकला राहणारा माझा भाऊ तेथील पेट्रोलचा दर सांगतो, तेव्हा आमच्याकडचा दर त्याहून अधिक असतो. कर राज्यभर सारखाच असेल, तर हा फरक कशाचा? आणि मी दिलेल्या शंभर रुपयांपैकी रस्त्याला किती मिळतात?
— एक शिक्षिका, जि. परभणी

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर टँकरच्या चाकांत आहे. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघालेले पेट्रोल नळवाहिनीने मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोत येते आणि तेथून टँकरने परभणीला पोचते. हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. नाशिकला पानेवाडी जवळ पडते आणि दक्षिण मराठवाड्याच्या काही भागाला सोलापूरजवळचा पाकणीचा डेपो सोयीचा पडतो, पण परभणी दोन्हींपासून दूर राहते. सप्टेंबर २०१८ मध्ये परभणीत पेट्रोल लिटरला नव्वद रुपयांवर गेले आणि देशभरच्या वृत्तपत्रांत परभणीचे नाव झळकले, तेव्हाही पंपचालकांनी हेच कारण सांगितले होते. कराचे म्हणाल, तर मुंबई, ठाणे व नवी मुंबईतील व्हॅटचा, म्हणजे राज्याच्या विक्रीवरील कराचा, दर पूर्वी अधिक होता. जुलै २०२४ पासून तो उर्वरित राज्याइतका करण्यात आला आणि आता पेट्रोलवर २५ टक्के व शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, तर डिझेलवर २१ टक्के असा दर सर्वत्र आहे.

मात्र दर सारखा असला, तरी रक्कम सारखी होत नाही, कारण टक्केवारीचा व्हॅट वाहतूक खर्चावरही लागतो. हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे घेऊ. कारखान्यातून निघालेले पेट्रोल ५३ रुपये, वाहतूक १ रुपया, केंद्राचे उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे आणि पंपचालकाचे कमिशन ४ रुपये ४० पैसे धरले, तर बेरीज ८० रुपये ३० पैसे होते. तिच्यावर २५ टक्क्यांनी २० रुपये ८ पैसे आणि वरचे ५ रुपये १२ पैसे मिळवले, की पंपावरचा दर १०५ रुपये ५० पैसे येतो. यात वाहतुकीच्या एका रुपयाने आपल्याकडून सव्वा रुपया घेतला. केंद्राने शुल्कात २ रुपये वाढवले, की राज्याला काहीही न करता ५० पैसे अधिक मिळतात, ते याच रीतीने. करावर कर बसतो अशी जी तक्रार आपण ऐकतो, ती अक्षरशः खरी आहे.

या साडेएकशेपाच रुपयांत केंद्र व राज्य मिळून ४७ रुपये १० पैसे कर आहे. त्यापैकी केंद्राच्या ‘रस्ते व पायाभूत सुविधा उपकर’ या नावाने, म्हणजे ठरावीक कामासाठी म्हणून, घेतले जातात ते फक्त ५ रुपये. म्हणजे आपल्या शंभर रुपयांतले पावणेपाच रुपये रस्त्याच्या नावाचे आहेत. ते सगळे रस्त्यालाच लागतात काय आणि लागले तर कोणत्या रस्त्याला, हा पुढच्या पत्राचा विषय आहे.

एक गोष्ट मात्र मराठवाड्यातील वाचकांना येथेच सांगावीशी वाटते. ऑक्टोबर २०१५ मध्ये, आपला सारा विभाग दुष्काळात होरपळत असताना, राज्य सरकारने दुष्काळ निवारणाच्या खर्चासाठी पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढवले. ज्यांच्यासाठी हे पैसे उभारायचे होते, त्या दुष्काळी गावांतला माणूसही पंपावर तेच दोन रुपये देत होता. इंधनावरील कर पीडित आणि सुस्थितीत असलेला असा भेद करत नाही, आणि हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे असे माझे मत आहे.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर शेतातच चालतो. नांगरणी, रोटाव्हेटर आणि पेरणी मिळून हंगामाला सुमारे दोनशे लिटर डिझेल लागते. जो ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर क्वचितच जातो, त्याच्या डिझेलवर रस्त्याचा उपकर कशासाठी? आणि घेतलाच आहे, तर आमच्या गावचा चार किलोमीटरचा रस्ता सात वर्षे तसाच का पडून आहे?
— एक शेतकरी, ता. परतूर, जि. जालना

आपले दोनशे लिटर आधी मोजून पाहू. एप्रिल २०२५ मधील वाढीनंतर डिझेलवरील केंद्रीय शुल्क लिटरला १७ रुपये ८० पैसे झाले. त्यात मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ८० पैसे, विशेष अतिरिक्त शुल्क १० रुपये, कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर ४ रुपये आणि रस्ते उपकर २ रुपये आहे. म्हणजे हंगामाला आपण केंद्राला ३,५६० रुपये देता. त्यात ४०० रुपये रस्त्याच्या नावाचे आणि ८०० रुपये शेतीच्या नावाचे असतात. शेतीच्या भल्यासाठी म्हणून लावलेला उपकर शेतकऱ्याच्या नांगरणीतूनच वसूल होतो, हे आपल्या पत्रात नसले तरी मला सर्वांत जास्त खुपते. राज्याचा २१ टक्के व्हॅट यावर आणखी वेगळा.

रस्त्यासाठी इंधनावर कर घेण्याची कल्पना या देशात जवळजवळ शंभर वर्षे जुनी आहे आणि तिच्याशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. १९२७ साली रस्त्यांच्या विकासासाठी बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो वेगळा ठेवून रस्त्यांवर खर्च करावा, अशी शिफारस तिने केली आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. त्या काळी पेट्रोल जळत होते ते जवळजवळ सगळे रस्त्यावरच्या मोटारींत. जो जितके पेट्रोल जाळतो तितका तो रस्ता वापरतो, हे गृहीतक तेव्हा खरे होते आणि म्हणून तो कर न्याय्यही होता. पुढे डिझेल आले आणि ते ट्रॅक्टरला, विहिरीवरच्या इंजिनाला, मळणीयंत्राला लागू लागले. कराच्या पद्धतीत मात्र शेतातले डिझेल आणि रस्त्यावरचे डिझेल यांत फरक करण्याची सोय झाली नाही. पंपावर कॅन घेऊन आलेल्या माणसाला हे डिझेल कोठे जाणार असे विचारून वेगळा दर लावणे व्यवहारात अवघड आहे, हे मला मान्य आहे. पण त्या अडचणीचा भार शेतकऱ्याने का सोसावा, या आपल्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही.

आता पैसा जातो कोठे ते पाहू. १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि त्यानंतर डिझेलवर लिटरमागे १ रुपया उपकर बसला आणि २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला. त्या वर्षीच्या २५ डिसेंबरला सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना प्रारंभी या डिझेल उपकरावरच उभी होती, आणि मराठवाड्यातील कितीतरी वाड्या-तांड्यांना पहिला डांबरी रस्ता तिच्यामुळे मिळाला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. २०१८ मध्ये या निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले आणि रस्त्यांखेरीज इतर कामांनाही त्याचे दार उघडले. उपकराची रक्कम प्रथम भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीत, जमा होते आणि तेथून संसदेच्या मंजुरीने रस्ते निधीत वळवली जाते. जमा झालेले सगळेच वळवले जाते असे नाही. २०१८-१९ या वर्षात सर्व प्रकारच्या उपकरांतून जमा झालेल्या सुमारे पावणेतीन लाख कोटी रुपयांपैकी एक लाख कोटींहून अधिक रक्कम संबंधित निधींमध्ये वर्ग झालीच नाही, यावर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी बोट ठेवले होते.

त्याहून कमी लक्षात आलेली गोष्ट पुढची आहे. मे २०२० मध्ये वाढ झाल्यावर रस्ते उपकर पेट्रोल व डिझेल दोन्हींवर लिटरला १८ रुपये होता. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने दोनदा शुल्क कमी केले, तेव्हा ती सगळी कपात याच उपकरातून झाली. पेट्रोलवर तो ५ रुपये आणि डिझेलवर २ रुपये राहिला. दर उतरले म्हणून आपण सर्वांनीच समाधान मानले. रस्त्याच्या नावाचा भागच तेवढा उतरला, याची चर्चा कोठे झाल्याचे माझ्या वाचनात नाही. एप्रिल २०२५ मध्ये शुल्क पुन्हा २ रुपयांनी वाढले, ते विशेष अतिरिक्त शुल्कात, रस्ते उपकरात नव्हे.

राज्यांशी वाटून घ्यायचा असतो तो केवळ मूळ उत्पादन शुल्काचा भाग, कारण उपकर व अधिभार वाटपाच्या रकमेत धरले जात नाहीत. हे मूळ शुल्क २०२१ च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवर २ रुपये ९८ पैशांवरून १ रुपया ४० पैसे आणि डिझेलवर ४ रुपये ८३ पैशांवरून १ रुपया ८० पैसे झाले. पंधराव्या वित्त आयोगानुसार (२०२१-२६) त्यातील ४१ टक्के सर्व राज्यांचे होते आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. देशात विकल्या गेलेल्या प्रत्येक लिटर पेट्रोलमागे या वाटेने महाराष्ट्राच्या तिजोरीत येत होते ते साडेतीन पैशांहून किंचित अधिक.

आणि आपला चार किलोमीटरचा रस्ता? तो बहुधा ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असणार, म्हणजे जिल्हा परिषदेकडचा. रस्ते निधीतून राज्याला मिळणारा हिस्सा राज्याचे क्षेत्रफळ आणि इंधनाचा खप पाहून ठरतो, पण तो राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्गांसारख्या मोठ्या रस्त्यांसाठी असतो, ग्रामीण रस्ते त्यात येत नाहीत. राज्याचा व्हॅट सर्वसाधारण महसुलात जातो आणि त्यातून शिक्षकांच्या पगारापासून धरणांपर्यंत सगळे चालते. आपल्या रस्त्याला पैसा मिळायचा तो जिल्हा नियोजन समितीतून, खर्चाच्या ज्या खात्याला, म्हणजे लेखाशीर्षाला, जिल्हा परिषदेच्या आवारात सगळे ‘तीस चोपन्न’ म्हणतात, त्यातून. ३०५४ म्हणजे रस्त्यांची देखभाल, ५०५४ म्हणजे नवे बांधकाम. आपल्या पंपावरचे डिझेल आणि हे तीस चोपन्न यांना जोडणारी एकही कायदेशीर दोरी नाही. डिझेलची विक्री दुप्पट झाली, तरी तीस चोपन्नमध्ये एक रुपया वाढलाच पाहिजे असे बंधन कोणावर नाही. व्हॅटमधला लिटरमागे निदान एक रुपया कायद्याने बांधून जिल्हा परिषदेच्या रस्त्यांच्या देखभालीला द्यावा आणि गावाच्या पुढाऱ्यापासून पालकमंत्र्यापर्यंत कोणालाही तो नव्या कामाकडे वळवता येऊ नये, अशी माझी ठाम मागणी आहे. सेवेत असताना ही मागणी मी टिपणीत लिहीत असे, आता उघडपणे लिहितो.

प्रश्न : आमच्या गावावरून साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता दर हंगामात उखडतो. ऊसवाल्यांनी रस्ता खराब करायचा आणि कर आम्ही भरायचा, हे किती दिवस चालणार? ऊस वाहणाऱ्या गाड्यांवर वेगळा कर का नाही?
— एक ग्रामस्थ, ता. केज, जि. बीड

आपला राग समजतो, पण ऊस वाहणारा ट्रॅक्टरचालक आणि ऊस तोडणारी जोडपी ही आपल्याच जिल्ह्यातली माणसे आहेत, म्हणून दोष कोणाचा हे ठरवण्याआधी रस्ता मोडतो कसा ते पाहावे, अशी विनंती करतो.

अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून वेगवेगळ्या वजनाच्या गाड्या दोन वर्षे फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला नियम जगभरचे रस्ते अभियंते आजही ढोबळ मानाने वापरतात. एका आसावरचे (चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचे) वजन जितक्या पटीने वाढते, त्या पटीच्या चौथ्या घाताने रस्त्याची हानी वाढते. वजन दुप्पट तर हानी सोळा पट. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये दुहेरी चाकांच्या एका आसावरची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली गेली. वजनातील वाढ तेरा टक्क्यांच्या आत दिसते, पण चौथ्या घाताने हानी साठ टक्क्यांनी वाढते. डिझेल मात्र साठ टक्के अधिक जळत नाही, त्याचा खप थोडासाच वाढतो. इंधनावरचा कर रस्त्याच्या झिजेशी जुळत नाही तो येथे.

हाच नियम उलट्या बाजूने लावून पाहा. मोटारीच्या एका आसावर अर्धा टन आणि ट्रकच्या आसावर दहा टन असेल, तर ट्रकच्या आसाची एक फेरी मोटारीच्या आसाच्या एक लाख साठ हजार फेऱ्यांइतकी हानी करते. वर जिचे पत्र आहे, त्या शिक्षिकेच्या दुचाकीने रस्त्याचे काहीच बिघडत नाही. तरीही तिच्या पेट्रोलवर रस्ते उपकर ५ रुपये आणि जड वाहनाच्या डिझेलवर २ रुपये. डिझेल महागले की भाजीपाला, खत आणि एसटी सगळेच महाग होते, म्हणून डिझेलवर हात सैल ठेवला जातो, हे कारण खोटे नाही. पण त्यामुळे रस्त्याचा हिशेब डोक्यावर उभा राहतो, हेही खरे आहे. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डिझेलच्या गाड्यांकडून वजन आणि प्रत्यक्ष चाललेले किलोमीटर पाहून रस्त्याच्या वापराचे शुल्क घेतात. तेवढे आपल्याकडे उद्या होणार नाही, पण कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीचे भरलेले आणि रिकामे वजन रोज नोंदले जाते. तो आकडा आपल्या हातात असताना जादा भाराची वसुली रस्त्याच्या देखभालीला का जोडता येऊ नये, हे मला उमगलेले नाही. ती वसुली मात्र कारखान्याकडून व्हावी. खेपेवर पोट असलेल्या चालकाकडून ती करण्यास माझा विरोध आहे.

वजन हे अर्धेच कारण झाले. उरलेले अर्धे आपल्या काळ्या मातीत आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा रस्ता कितीही चांगला केला, तरी खालची माती अशी श्वास घेत राहिली की डांबराला तडे जातात, तड्यातून पाणी उतरते आणि भिजलेल्या मातीवरून पहिली भरलेली ट्रॉली गेली की चाकोरी पडते. म्हणून मराठवाड्यात रस्ता वाचवायचा म्हणजे आधी पाणी बाहेर काढायचे.

मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो, तेव्हा रस्त्यांवर मैलकुली असत. प्रत्येकाकडे रस्त्याचा ठरलेला तुकडा, एक फावडे, एक टोपली आणि एक विळा. माझ्या शाखेतला एक वयस्कर मैलकुली मृग लागण्याआधी आपल्या हद्दीतल्या प्रत्येक मोरीपाशी उताणा झोपून नळकांड्यातून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहत असे. उजेड दिसला नाही, तर आत सरपटत जाऊन हंगामात गाड्यांवरून पडलेले पाचट, गाळ आणि बाभळीच्या फांद्या ओढून काढत असे. साईडपट्टीवर वाढलेले गवत तो खरवडून काढी, कारण गवताने अडवलेले पाणी रस्त्यावरच थांबते. त्याच्या पाच किलोमीटरमध्ये खड्डा पडला तरी तो ताटलीएवढा असताना मुरूम आणि डांबर टाकून बुजवला जाई. तो निवृत्त झाला आणि ती जागा भरली गेली नाही. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच हद्दीतली एक मोरी पाचटाने तुंबली, पाणी चढून रस्त्याच्या पोटात शिरले आणि दिवाळीपर्यंत अर्धा किलोमीटर रस्ता खचला. तो नव्याने करण्यासाठी जे अंदाजपत्रक मी स्वतः तयार केले, त्या रकमेत त्या माणसाचा वीस वर्षांचा पगार झाला असता. मी ती तुलना टिपणीत लिहिली होती. वरच्या कार्यालयातून शेरा आला की, पदे मंजूर नाहीत, प्रस्ताव फक्त कामाचा पाठवावा.

आपल्या रस्त्यावर हंगाम सुरू होण्याआधी आणि पावसाळ्याआधी मोऱ्या कोणी साफ करतो का, हे पाहा. ऊसवाल्यांशी भांडण्यापेक्षा त्याचा पाठपुरावा केल्याने रस्ता अधिक टिकेल.

प्रश्न : पेट्रोल आणि डिझेल जीएसटीमध्ये आणले तर स्वस्त होईल, असे सगळे म्हणतात. मग आणत का नाहीत?
— एक पदवीधर, लातूर

स्वस्त होईल, यात शंका नाही. वरच्या उदाहरणात कर वगळता पेट्रोल ५८ रुपये ४० पैशांना पडते. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला तर दर ६९ रुपयांच्या आत येईल. पण त्याचबरोबर लिटरमागे साडेछत्तीस रुपयांचा महसूल केंद्र व राज्य मिळून गमावतील. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, तेव्हा कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन आणि नैसर्गिक वायू हे पाच पदार्थ बाहेर ठेवले गेले. ते कधी आत घ्यायचे, हे जीएसटी परिषदेने ठरवायचे आहे. १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौच्या बैठकीत हा विषय आला आणि ही वेळ योग्य नाही असे ठरले. राज्यांना स्वतः दर ठरवता येतील असे पदार्थ आता इंधन आणि दारू एवढेच उरले आहेत, म्हणून कोणत्याही पक्षाचे राज्य हे सोडायला राजी नसते. स्वस्त इंधनाची मागणी करताना, कमी होणाऱ्या पैशातून एसटीची सवलत बंद करायची की रस्त्याची दुरुस्ती, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

प्रश्न : गाडी घेताना एकरकमी कर भरला, पेट्रोलवर कर भरतो, तरीही समृद्धी महामार्गावर टोल का? आणि विजेवरच्या गाड्यांना तर यांपैकी बरेच काही माफ असते, हे न्याय्य आहे काय?
— एक व्यावसायिक, जालना

एकरकमी कर आणि व्हॅट राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, जो ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला, तो रस्ते विकास महामंडळाने कर्ज काढून बांधला आहे आणि ते कर्ज टोलमधून फेडायचे आहे. ज्याने तो वापरला नाही, त्या वसमतच्या शेतमजुराकडून तो खर्च वसूल होऊ नये, हे तत्त्व मला पटते. टोल माफ केला की खर्च नाहीसा होतो, असेही नाही. १ जून २०१५ पासून राज्यातील ५३ नाक्यांवर मोटारी आणि एसटी गाड्यांना सूट मिळाली, तेव्हा ठेकेदारांची भरपाई सरकारला तिजोरीतून करावी लागली, म्हणजे मोटार नसलेल्यांनीही ती भरली.

विजेच्या गाड्यांना सुरुवातीला सवलत देणे योग्य आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत अशा वाहनांचे कारखाने येऊ घातले आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्या विभागाच्या रोजगाराचाही आहे. पण ज्या दिवशी त्यांची संख्या मोठी होईल, त्या दिवशी लिटरवर उभा असलेला सगळा हिशेब मोडेल. न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्यांनाही किलोमीटरमागे शुल्क लावले आहे. आपल्याला ही तयारी आताच करावी लागेल.

प्रश्न : आमच्या गावचा रस्ता दोन वर्षांपूर्वी झाला आणि आताच खडी उघडी पडली आहे. पंचायत समितीत विचारले तर निधी नाही म्हणतात. आम्ही कोणाकडे जावे?
— एक ग्रामपंचायत सदस्य, ता. कळमनुरी, जि. हिंगोली

दोन वर्षांच्या रस्त्याला निधी नाही हे उत्तर ऐकून परत येऊ नका, कारण बहुधा त्याला निधीची गरजच नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल करारातच ठेकेदारावर असते, आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतही तशी तरतूद आहे. इतर कामांनाही दोषदायित्व कालावधी असतो आणि तो संपेपर्यंत ठेकेदाराची अनामत सरकारकडे अडकलेली असते. त्या मुदतीत पडलेला खड्डा त्याने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो. मुदत संपली आणि अनामत परत गेली, की मग मात्र खरोखरच तीस चोपन्नची वाट पाहावी लागते. म्हणून तारीख हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

आधी रस्ता कोणाचा ते ठरवा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारंगी असेल तर ग्रामीण मार्ग. रस्त्याच्या सुरुवातीला कामाचा फलक असेल, तर त्यावर योजनेचे नाव, किंमत, ठेकेदार आणि देखभालीची मुदत लिहिलेली असते, त्याचे छायाचित्र काढून ठेवा. फलक नसेल किंवा अक्षरे पुसली असतील, तर संबंधित कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. अर्जात चारच गोष्टी मागा : कार्यारंभ आदेशाची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती. मोजमाप पुस्तिकेत, जिला आम्ही एमबी म्हणतो, खडीचा आणि डांबराचा प्रत्येक थर किती जाडीचा घातला ते लिहिलेले असते. रस्त्याच्या तुटलेल्या कडेला जाऊन पट्टीने मोजले, तर लिहिलेले आणि घातलेले यांतला फरक कोणालाही दिसतो.

ग्रामसभेचा ठराव करून तक्रार लेखी द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या आणि शाखा अभियंत्यांना रस्त्यावर पाहणीला बोलवा. ते येतील त्या दिवशी त्यांच्याबरोबर गावातली चार माणसे आणि एक फावडे असू द्या. मोरीच्या तोंडाशी साचलेला गाळ दोन हात काढला, की रस्ता का उखडला हे तेथेच उभे राहून बोलता येते.